नखे कापावीत, बोटे नव्हेत



१९७१ सालची गोष्ट आहे. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात अणूच्या अंतरंगाचा शोध घेण्यासाठी एक प्रचंड यंत्र उभे राहत होते. ही प्रयोगशाळा आज 'फर्मीलॅब' या नावाने जगप्रसिद्ध आहे. या यंत्रात सूक्ष्म कण धावायचे ते लांबच लांब, निर्वात केलेल्या नळ्यांमधून. पण नळ्या जोडताना धातूचा कीस आणि बारीक कचरा आत राहून गेला होता. तो बाहेर काढायचा कसा? रॉबर्ट शेल्डन नावाच्या ब्रिटिश अभियंत्याने सुचविले, की या कामासाठी एक फेरेट आणावा.

त्याप्रमाणे फेरेटची एक मादी आणण्यात आली. तिचे नाव फेलिशिया. मैलोगणती लांबीच्या मुख्य नळीत शिरायला बाईसाहेबांनी साफ नकार दिला. तेव्हा सुमारे ३०० फूट लांबीच्या, तिला झेपतील अशा नळ्यांचे काम तिच्याकडे सोपविण्यात आले. तिच्या गळपट्ट्याला दोरी बांधलेली असे. एका टोकाने ती आत शिरे आणि दुसऱ्या टोकाने बाहेर पडे. मग त्या दोरीच्या साहाय्याने, द्रवात भिजवलेला बोळा नळीतून ओढून घेत. नळी घाण होऊ नये म्हणून फेलिशियाला चक्क लंगोट बांधीत असत! पुढे या कामासाठी एक यांत्रिक साधन तयार झाले आणि फेलिशियाची नोकरी संपली.

काळोख्या, अरुंद बोळात शिरून पुढे पुढे जायचे, ही फेरेटची उपजत ओढ. त्या ओढीचा शास्त्रज्ञांनी उपयोग करून घेतला. पण याच ओढीबरोबर निसर्गाने फेरेटला आणखी एक गोष्ट दिली आहे, ती म्हणजे माती उकरणारी बळकट नखे. युरोप-अमेरिकेत जे लोक हौसेने घरी फेरेट पाळतात, त्यांच्यापुढे या नखांचे करायचे काय, असा प्रश्न असतो. प्रश्न किरकोळ वाटतो, पण त्याच्या उत्तरावरून माणसाचे पाळीव प्राण्याशी नाते कसे आहे, ते बरोबर कळते. म्हणून आज त्याविषयी चार शब्द.

फेरेट म्हणजे कोण?

फेरेट हा लांबोडक्या अंगाचा, आखूड पायांचा मांसाहारी प्राणी आहे. वजन साधारण अर्धा ते दोन किलो. युरोपातील पोलकॅट या रानटी प्राण्यापासून माणसाने तो माणसाळवला. चित्र पाहिले तर तुम्ही म्हणाल, 'अरे, हे तर आपले मुंगूस!' पण तसे नाही. प्राणिशास्त्राच्या वंशवृक्षात मुंगूस मांजराच्या फांदीवर बसते, तर फेरेट कुत्र्याच्या फांदीवर. आपल्या नद्यांत आणि खाड्यांत राहणारे पाणमांजर मात्र फेरेटच्याच कुळातले. पाणमांजर नावाचे मांजर, आणि गोत्र कुत्र्याच्या बाजूचे!

'फेरेट' हे नाव 'छोटा चोर' अशा अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आले आहे. ज्याच्या घरी फेरेट आहे, त्याच्या घरातले मोजे आणि किल्ल्या कोचाखाली सापडतात, म्हणून हे नाव त्याला शोभतेही. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी स्ट्रेबो या ग्रीक भूगोलकाराने स्पेनमधील सशांच्या शिकारीचे वर्णन लिहून ठेवले आहे. लोक एका प्राण्याच्या तोंडाला मुसके बांधून त्याला सशांच्या बिळात सोडीत. तो प्राणी नखांनी सशांना बाहेर ओढी किंवा पळवून लावी, आणि बाहेर शिकारी टपलेले असत. हा प्राणी फेरेटच असावा, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. तोंड बांधलेले असूनही काम होत असे, याचे कारण नखे!

प्रत्येक पायाला पाच, याप्रमाणे फेरेटला एकूण वीस नखे असतात. मांजराप्रमाणे ती पंजात आत ओढून घेण्याची सोय फेरेटला नाही. ती सदैव बाहेरच असतात. चालताना जमिनीला घट्ट धरायला, उकरायला, चढायला ती लागतात. रानात माती खणून खणून नखे आपोआप झिजतात. नख जेवढे वाढते तेवढे घासले जाते, असा तो हिशेब असतो.

घरात हा हिशेब बिघडतो. तिथे गालिचा असतो, गादी असते, झोपायला कापडी झोळी असते. फेरेट दिवसातील चौदा-चौदा तास झोपून काढतो. मग नख झिजणार कशावर? ते वाढत जाते, पुढे वळते, झोळीच्या धाग्यात अडकते. प्राणी घाबरून पाय ओढतो आणि नख मुळापासून उपटले जाते, क्वचित बोटही दुखावते. धरणाऱ्याच्या हातावर ओरखडे उठतात ते वेगळेच.

अशा वेळी तीन प्रकारची माणसे दिसतात. पहिला म्हणतो, "निसर्गात कोण नखे कापायला बसले आहे? राहू द्या तशीच." दुसरा म्हणतो, "दर पंधरवड्याला ही कटकट कोण करणार? शस्त्रक्रिया करून एकदाची नखे काढूनच टाका." तिसरा हातात छोटे नेलकटर घेतो, प्राण्याला मांडीवर घेतो आणि शांतपणे नखे कापतो. माझ्या मते तिसराच बरोबर आहे, आणि त्याच्या बाजूने शास्त्र उभे आहे. ते कसे, हे समजण्यासाठी आधी नखाची रचना पाहू.

मेलेला भाग आणि जिव्हाळी

आपले नख म्हणजे बोटाच्या टोकावर बसवलेले चपटे कवच. फेरेटचे नख तसे नसते. बोटातील शेवटच्या हाडाला म्यानाप्रमाणे वेढून ते वाकलेले असते. बाहेरचे म्यान केराटिन या प्रथिनाचे. आपले केस, गाईचे शिंग, घोड्याचा खूर, पक्ष्याचे पीस, ही सारी या एकाच द्रव्याची किमया. केराटिनच्या या थरात ज्ञानतंतू नसतात, रक्त नसते. म्हणून तो कापला तरी दुखत नाही.

पण म्यानाच्या आत हाडाला लागून एक जिवंत, मऊ भाग असतो. त्यात रक्ताच्या केशवाहिन्या आणि ज्ञानतंतू असतात. मराठीत याला 'जिव्हाळी' असा अगदी नेमका शब्द आहे. नख जिव्हाळीपर्यंत कापले गेले की रक्त येते आणि जीव कळवळतो. मनाला फार लागलेल्या गोष्टीलाही आपण 'जिव्हारी लागली' असेच म्हणतो.

फेरेटची नखे बहुधा फिकट आणि अर्धपारदर्शक असतात. प्रकाशात धरली की आत गुलाबी रेघ दिसते. ती रेघ म्हणजेच जिव्हाळी. नखे कापण्याचे सारे शास्त्र या एका रेघेभोवती फिरते. गुलाबी रेघ संपते त्याच्या पुढे साधारण दोन मिलिमीटर जागा सोडून कापले, तर प्राण्याला काहीही कळत नाही.

कापावे कसे?

पहिली गोष्ट वेळेची. खेळून दमलेला किंवा नुकताच झोपेतून उठलेला, आळसावलेला फेरेट कुरकुर करीत नाही. त्याला मांडीवर उताणा घ्यावा आणि पोटावर माशाच्या तेलाचे चार थेंब सोडावेत. स्वारी तेल चाटण्यात रंगते आणि आपले काम होते. जबरदस्तीपेक्षा लालूच बरी! फेरेटच्या मानेवरची सैल कातडी धरून त्याला उचलले तर तो जांभई देतो आणि अंग सैल सोडतो. माद्या पिल्लांना अशाच धरून नेतात. मात्र हा उपाय थोड्याच वेळापुरता करावा, आणि मोठ्या प्राण्याच्या मागच्या अंगाला दुसऱ्या हाताचा आधार द्यावा.

दुसरी गोष्ट हत्याराची. नेलकटर लहान आणि धारदार हवे. पाते बोथट असले की अपघात टळतो, असे अनेकांना वाटते. खरे तर उलट आहे. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ, हे तुम्ही शाळेत शिकला आहात. धारदार पात्याच्या कडेचे क्षेत्रफळ अगदी कमी असते, म्हणून थोड्या बळाने नख साफ कापले जाते. बोथट पाते नखाला आधी चिरडते आणि मग फाडते. चिरडण्याची कळ जिव्हाळीपर्यंत पोचते, नखही उभे चिरते.

तिसरी गोष्ट कापण्याच्या दिशेची. पाय जमिनीवर टेकल्यावर कापलेली कड जमिनीला समांतर राहील, अशा बेताने कापावे. तसे केले नाही, तर चालताना नखाचे टोक जमिनीला टेकून बोट मागे रेटले जाते. एकदम मोठा तुकडा उडवण्यापेक्षा थोडेथोडे कापावे. आणि सगळी वीस नखे एकाच बैठकीत कापलीच पाहिजेत, असा काही नियम नाही. आज पुढचे पाय, उद्या मागचे, असे केले तरी चालते.

नख फार वाढलेले असेल तर जिव्हाळीही त्याच्याबरोबर पुढे आलेली असते. तिथे घाई करून भागत नाही. दर आठवड्याला फक्त टोक कापत गेले, की जिव्हाळी हळूहळू मागे सरकते. एरवी साधारण दोन आठवड्यांनी एकदा कापणे पुरते.

आता घासण्याविषयी. कापलेल्या नखाला दोन धारदार कोपरे येतात. ओरखडे उठतात ते त्यांनीच, आणि धाग्यात अडकतात तेही तेच. म्हणून नखे घासण्याच्या बारीक कानशीने ते गोल करावेत. घासताना बोट दोन बोटांत हलकेच पण स्थिर धरावे. बोट हलत राहिले की प्राण्याला गुदगुल्या होतात आणि तो पाय ओढतो. कानस एकाच दिशेने चालवावी. पुढेमागे करवतीसारखी चालवली तर नखाचे थर सुटतात. विजेवर फिरणारी यंत्रेही मिळतात. त्यांचा आवाज प्राण्याला घाबरवतो आणि घर्षणाने नख तापते. ती वापरायचीच असतील तर क्षणभर टेकवून लगेच उचलावीत.

इतके करूनही कधी रक्त आलेच, तर गडबडून जाऊ नये. रक्त थांबवणारी पूड पशुवैद्याकडे मिळते. ती जवळ नसेल तर चिमूटभर कॉर्नफ्लॉवर नखाच्या टोकावर दाबून दोनतीन मिनिटे धरावे. रक्त थांबले नाही, तर पशुवैद्य गाठावा. त्या दिवशी बाकीची नखे मात्र कापू नयेत. प्राण्याला आठवण असते!

'एकदाचे काढून टाका' का नको?

आता दुसऱ्या माणसाकडे वळू. "नखे कायमची काढून टाका," असे तो म्हणतो तेव्हा आपण काय मागतो आहोत, हे त्याला बहुधा ठाऊक नसते. गवत कापले की पुन्हा उगवते, कारण मुळे जमिनीत असतात. नखाचेही तसेच. नख तयार करणाऱ्या पेशी बोटाच्या शेवटच्या हाडाला चिकटलेल्या असतात. तेव्हा नख पुन्हा उगवू नये असे वाटत असेल, तर ते हाडच कापून काढावे लागते. म्हणजे ही नखे काढण्याची शस्त्रक्रिया नव्हेच. ही बोटे तोडण्याची शस्त्रक्रिया आहे. आपल्या प्रत्येक बोटाचे शेवटचे पेर कापून टाकले तर काय होईल, त्याची कल्पना करा.

"भूल दिलेली असते, दुखत नाही," असे यावर उत्तर मिळते. भूल शस्त्रक्रियेपुरती असते, बोट मात्र जन्मभरासाठी गेलेले असते. जो प्राणी बोटांवर भार देऊन चालतो, त्याची चालच त्यामुळे बदलते. अमेरिकेत मांजरांची नखे अशी काढण्याची चाल बरीच वर्षे होती. तशी नखे काढलेल्या मांजरांत पाठदुखी आणि चावण्याची सवय जास्त दिसते, असे अभ्यासकांना आढळले आहे. चावणे वाढते ते का, हे समजणे अवघड नाही. बचावाचे एक साधन हिरावून घेतले, की प्राणी उरलेले साधन वापरतो. ओरखडा टाळायला गेले आणि चावा पदरात पडला!

या मताची एक बाजू मात्र मी मान्य करतो. एखाद्या वृद्ध माणसाची कातडी नाजूक असते, एखाद्याला रक्त पातळ करणारी औषधे चालू असतात. अशा घरात साधा ओरखडाही त्रासदायक ठरतो. ही काळजी खोटी नव्हे. पण तिच्यावर उपाय बोटे तोडण्याचा नाही. नियमित कापलेले आणि घासून गोल केलेले नख सहसा ओरबाडत नाही. तेही करणे शक्य नसेल, तर त्या घरात फेरेट न आणणे हा सर्वांत सोपा उपाय आहे. नखात गाठ किंवा न बरा होणारा रोग झाला, तर पशुवैद्य बोटाचे टोक काढतात. पण तो प्राण्याच्या भल्यासाठी केलेला इलाज असतो, आपल्या सोयीसाठी नव्हे.

जगही हळूहळू याच निष्कर्षाकडे आले आहे. पाळीव प्राण्यांच्या रक्षणासाठी युरोपातील देशांनी १९८७ साली जो करार केला, त्यात उपचाराचे कारण नसताना नखे काढण्यास मनाई केली आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००६ च्या प्राणिकल्याण कायद्याने असे अवयव कापण्यास बंदी घातली. अमेरिकेत न्यूयॉर्क हे मांजरांची नखे काढण्यावर बंदी घालणारे पहिले राज्य ठरले, ते २०१९ साली. म्हणजे फेलिशियाच्या नोकरीनंतर जवळजवळ अर्धशतकाने!

पहिल्या माणसाचे उत्तर आता सोपे आहे. "निसर्गात नखे कोण कापतो?" माती कापते. पण आपण फेरेटला मातीवरून उचलून गादीवर आणले. मातीचे काम बंद केले ते आपणच, तेव्हा ते काम आता आपल्याकडे आले. प्राणी पाळणे याचा अर्थ केवळ त्याला खाऊ घालणे असा नाही. त्याच्या रानातल्या आयुष्यात जी जी कामे आपोआप होत होती, ती सारी आपल्या अंगावर घेणे, असा त्याचा अर्थ आहे. फेरेटला उकरायला मातीची पेटी द्यावी. त्याने नखे थोडी झिजतात आणि त्याची हौसही भागते. उरलेले काम नेलकटरचे.

आपल्या अंगणात

फेरेट आपल्याकडे सहसा दिसत नाही, आणि तो आणा असेही माझे म्हणणे नाही. त्याच्या जागी मुंगूस पकडून पाळावे, असे तर मनातही आणू नका. मुंगसाला वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, आणि त्याचे घर शेताच्या बांधावर आहे. पण आपल्या घरी कुत्रा असतो, मांजर असते, गोठ्यात बैल असतो. नियम सगळीकडे तोच.

नालबंद बैलाच्या खुराला पत्री ठोकण्याआधी खूर तासून घेतो, ते कधी पाहिले आहे का? नसेल तर संधी मिळताच पाहा. खुराचा मेलेला थर कुठे संपतो आणि जिवंत भाग कुठे सुरू होतो, हे त्याच्या हाताला ठाऊक असते. जुन्या काळी न्हावी नराणीने नखे काढीत, त्यांच्या हातातही हेच ज्ञान होते. शाळेत न जाताही त्यांनी जिव्हाळी ओळखली होती.

पुष्कळ कुत्र्यांची नखे काळी असतात. त्यांच्यात गुलाबी रेघ दिसत नाही. तिथे अगदी कागदाच्या जाडीएवढे काप घेत जावे आणि दर कापानंतर नखाचे कापलेले तोंड पाहावे. मध्यभागी गडद, ओलसर ठिपका दिसू लागला की थांबावे. पुढे जिव्हाळी आहे. मोकळा फिरणारा कुत्रा पुढची नखे रस्त्यावर झिजवतो, पण पायाच्या आतल्या बाजूला वर असणारे नख जमिनीला टेकतच नाही. ते वाढून वळते आणि मांसात रुतते. आपल्या कुत्र्याचे ते नख आजच तपासा.

तुम्ही हे काम एकट्याने मात्र करू नका. घरातल्या मोठ्या माणसाने प्राण्याला धरावे आणि पहिल्या वेळी पशुवैद्याकडून प्रत्यक्ष पाहून घ्यावे. कुत्रा किंवा मांजर चावले अथवा नख लागून कातडी फुटली, तर ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. रेबीज हा रोग एकदा उद्भवला की जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो, पण वेळेवर लस घेतली तर तो टळतो. म्हणून अशी जखम घरी लपवू नये.

आपल्या देशात प्राण्यांना क्रूरपणे वागविण्यास १९६० च्या कायद्याने प्रतिबंध केला आहे. प्राण्याचा अवयव तोडून त्याला अपंग करणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. पण दर पंधरवड्याला मांडीवर प्राणी घेऊन, उजेडात नख धरून, गुलाबी रेघ शोधण्याचे काम कोणताही कायदा करून घेऊ शकत नाही. ते आपणच करायचे असते. त्याला फार पैसा लागत नाही. दहा मिनिटांचा वेळ, धारदार नेलकटर, एक कानस आणि थोडा धीर एवढे पुरते. एवढे देण्याची ज्याची तयारी नाही, त्याने प्राणी घरी आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तुमचे मत काय आहे, ते वर्गात चर्चा करून ठरवा. आणि घरी प्राणी असेल, तर चर्चेआधी त्याचा पंजा उजेडात धरून एकदा नीट पाहून या.